डॉक्टर न होता कर्करोगावर संशोधन करायचंय, तर गणित सोडू का?

मावशीला चाळिशीच्या आत स्तनाचा कर्करोग झाला, म्हणून याच आजारावर संशोधन करायचं ठरवलंयस, असं तू लिहिलंस. जीवशास्त्र आवडतं, गणिताचा धसका आहे. डॉक्टर न होता हे संशोधन करता येईल का आणि अकरावीला गणित सोडलं तर चालेल का, हे तुझे दोन प्रश्न. पहिल्याचं उत्तर 'हो'. दुसऱ्याचं 'सोडू नकोस', आणि ते का, हे जरा सविस्तर सांगते.

मेरी-क्लेअर किंग या अमेरिकी शास्त्रज्ञ. त्या डॉक्टर नाहीत. पदवी गणिताची, मग बर्कलीला जनुकशास्त्रात पीएच.डी. स्तनाचा कर्करोग काही घराण्यांत पिढ्यान् पिढ्या दिसतो, हे सगळ्यांना माहीत होतं. पण आजारच इतका सर्रास आढळणारा, की एका घरात तिघी-चौघींना तो निव्वळ योगायोगानेही होऊ शकतो. मग योगायोग कुठे संपतो आणि आनुवंशिकता कुठे सुरू होते? हे सूक्ष्मदर्शकाखाली दिसत नाही, मोजावं लागतं.

किंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८८ मध्ये १,५७९ रुग्णांच्या कुटुंबांची माहिती घेऊन आजाराचा घरातला पसारा कोणत्या गणिती प्रारूपात बसतो, ते तपासलं. मोजक्या कुटुंबांत एका प्रभावी जनुकाचा (म्हणजे आईवडिलांपैकी एकाकडून सदोष प्रत आली तरी धोका वाढवणाऱ्या जनुकाचा) हात आहे, असं त्यातून दिसलं. जनुक कुठे आहे याचा पत्ता नव्हता, पण ते असणार, हे आकडेच सांगत होते.

शोधाचा दुसरा टप्पा १९९० चा. आता २३ विस्तारित कुटुंबं आणि १४६ रुग्ण. सगळी कुटुंबं एकत्र धरली तर चित्र धूसर राहायचं. मग आजार कोणत्या वयात झाला, त्यानुसार कुटुंबं लावली. तरुण वयात आजार झालेल्या कुटुंबांत १७ व्या गुणसूत्रावरची एक खूण, म्हणजे डीएनएतली ओळखता येणारी जागा, आजाराच्या जोडीने पुढच्या पिढीत जाताना दिसली. या गटाचा लॉड स्कोअर ५.९८ निघाला, तर उशिरा आजार झालेल्या कुटुंबांत तो उणे होता. लॉड स्कोअर म्हणजे दोन शक्यतांच्या गुणोत्तराचा दहाच्या पायाचा लॉगॅरिदम. जनुक त्या खुणेजवळ आहे असं धरलं, तर नाही असं धरण्यापेक्षा हाती आलेली माहिती सुमारे साडेनऊ लाख पट चांगली जुळते, असा ५.९८ चा अर्थ. लॉगॅरिदम कशाला शिकायचा, असं वर्गात कुणी विचारलं तर हे उदाहरण दे. मला स्वतःला मात्र त्या आकड्यापेक्षा वयानुसार लावण्याची कल्पना जास्त भावते. त्यासाठी कुठलंही महागडं यंत्र लागलं नव्हतं.

प्रत्यक्ष जनुक, बीआरसीए-१, १९९४ मध्ये हाती लागलं ते अमेरिकेतल्या युटा राज्यातल्या मार्क स्कोल्निक यांच्या गटाला. संशोधनात शर्यती असतात आणि रस्ता दाखवणाराच पहिला पोचतो असं नाही, हे या क्षेत्रात येण्याआधी माहीत असलेलं बरं.

उपचारांकडे जाणारी वाट इथूनच निघाली. हे जनुक डीएनएचे दोन्ही धागे तुटल्यावर होणाऱ्या दुरुस्तीत भाग घेतं. ते निकामी असलेल्या कर्कपेशींची दुरुस्तीची दुसरी व्यवस्थाही औषधाने रोखली, तर त्या पेशी मरतात. २००५ मध्ये दोन गटांनी हे दाखवलं. त्यातून आलेल्या ओलापॅरिब या औषधाला अमेरिकेत २०१४ मध्ये अंडाशयाच्या आणि २०१८ मध्ये स्तनाच्या कर्करोगासाठी मान्यता मिळाली. या टप्प्यावर रसायनशास्त्रज्ञ, पेशीजीवशास्त्रज्ञ, संख्याशास्त्रज्ञ आणि रुग्णालयातले डॉक्टर, सगळेच लागतात.

म्हणून सल्ला असा: जीवशास्त्र ठेव आणि गणितही ठेव. त्यातही संभाव्यता आणि संख्याशास्त्र मनापासून कर. कॅल्क्युलसमध्ये थोडे गुण कमी पडले तर बिघडत नाही. पदवीला जनुकशास्त्र किंवा जीवशास्त्राबरोबर संख्याशास्त्र घेता आलं तर उत्तम, शिवाय थोडं प्रोग्रॅमिंग शिक. प्रयोगशाळेपेक्षा माणसांशी बोलणं आवडत असेल, तर जनुकीय समुपदेशन, म्हणजे आनुवंशिक आजारांचा धोका आणि चाचण्या कुटुंबांना समजावून सांगणं, हा वेगळा आणि भारदस्त व्यवसाय आहे.

मावशीबद्दल एक. तुझी जनुकीय चाचणी करावी का, हे तू ओझरतं विचारलंयस. तो माझा प्रांत नाही. एवढंच सांगते, की अशी तपासणी शक्यतो आधी आजार झालेल्या व्यक्तीची करतात. मावशीत दोष सापडला, तरच इतरांच्या चाचणीला नेमका अर्थ येतो. मावशीने तिच्या डॉक्टरांकडून जनुकीय समुपदेशकाचं नाव घ्यावं. करिअरचा निर्णय त्या अहवालासाठी अडवून ठेवू नकोस.