हस्तांतरण नव्हे, बिऱ्हाड!

नांदेडहून कायदा शिकणाऱ्या एका मुलीनं विचारलंय की 'डेटा पोर्टेबिलिटीचा हक्क' मराठीत कसा लिहू, मॅडम 'हस्तांतरणाचा हक्क' म्हणतात आणि नोट्समधे 'सुवाह्यता' आहे.

आधी हस्तांतरण खोड बरं. हा शब्द या अर्थानं ऐकला की माझं डोकंच उठतं. हस्तांतर म्हणजे हात बदलला. शेत विकलं, फेरफार झाला, सातबाऱ्यावर दुसऱ्याचं नाव चढलं, ते हस्तांतरण. इथं हात तुझाच राहतो, तुझे फोटो, मेल, गाण्यांच्या याद्या एका कंपनीकडून दुसरीकडं न्यायच्या एवढंच, म्हणजे शब्द बरोब्बर उलटं सांगतो आणि तरी शिकलेली माणसं तो बिनदिक्कत वापरतात. सुवाह्यता सरकारी हिंदीतून आलाय. उचलायला सोपं असणं हा वस्तूचा गुण झाला, हक्क माणसाचा असतो, आणि हा शब्द कुणाच्या तोंडून मी आजवर ऐकला नाही.

लोक म्हणतात 'पोर्ट मारला'. मोबाईल नंबरची ती सोय २० जानेवारी २०११ला देशभर सुरू झाली आणि १९००ला मेसेज टाकून सगळं गाव पोर्ट मारायला शिकलं. पण त्यातनंच गैरसमज झालाय, नंबर एका वेळी एकाच कंपनीकडं राहतो म्हणून लोकांना वाटतं की डेटा पोर्ट केला म्हणजे जुन्या ठिकाणचा पुसला गेला. तसं नाही. युरोपचा डेटा-संरक्षणाचा कायदा, जीडीपीआर, २५ मे २०१८पासून लागू आहे, त्यात पुसून मागायचा हक्क कलम १७मधे आणि न्यायचा हक्क कलम २०मधे, दोन्ही वेगळे. आपल्याकडं डेटा-संरक्षणाच्या २०१९च्या विधेयकात न्यायचा हक्क होता, २०२३च्या कायद्यात तो नाही, हे निबंधात लिहायला विसरू नको.

आता खरा शब्द. बिऱ्हाड! विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर, हे आपण रोज म्हणतो. बिऱ्हाड म्हणजे राहायची जागाही आणि सोबत हलणारा संसारही. महानुभावांच्या जुन्या गद्यात त्याचं रूप 'बिढार' आहे. बिढारचं बिऱ्हाड कसं झालं बघ, ड आणि र यांनी आपसात जागा बदलल्या आणि हकार मात्र होता तिथंच राहिला, शब्दाच्या पोटातच अक्षरांनी घरं बदलली! आणि मूळ कन्नड 'बिडार', म्हणजे मुक्काम. त्याच्या मुळाशी 'बिडु', म्हणजे सोडणं. त्यातलाच 'बीडु' म्हणजे छावणी, वस्ती, हळेबीड म्हणजे जुनी वस्ती. तमिळमधे त्याच कुळातल्या 'वीडु'चा अर्थ घर, आणि मोक्षसुद्धा. सोडण्याच्या धातूतनं घर निघालं, यापेक्षा या हक्काला नेमकं काय पाहिजे?

काही संस्कृतप्रेमी बिऱ्हाड 'विहार'वरून ओढून आणतात. मग मधला ढ कुठून आला ते सांगा म्हणलं की गप्प बसतात. आणि आमचं बीड? बिळासारख्या खोलगट जागेत वसलं म्हणून बीड, असं सांगतात, मला ते अजिबात पटत नाही. माझ्या मते ते हेच बीडु, बालाघाटाच्या पायथ्याचा मुक्काम. चालुक्य-राष्ट्रकूटांच्या काळात या भागात कन्नड चालायची, तिचे शिलालेख मराठवाड्यात आहेत, मग गावाचं नाव कन्नड असायला हरकत काय?

वडलांच्या बदल्यांमुळं आमचं बिऱ्हाड लई वेळा हललं. टेम्पोत आधी कपाट, गाद्या, मग भांडी, सगळ्यात शेवटी फडक्यात बांधलेले देव आईच्या मांडीवर. भिंती मालकाच्या, त्या नेता येत नाहीत. कलम २०चं तसंच आहे, तू दिलेलं आणि तुझ्या वापरातनं जमलेलं तुझं, पण त्यावरनं कंपनीनं तुझ्याबद्दल जे अंदाज बांधले ते या कलमात येत नाहीत. आणि माल दुसऱ्या मशीनला वाचता येईल असा द्यायचा असतो. मी एका अ‍ॅपमधून माझ्या शब्दांच्या नोंदी मागितल्या, सात वर्षांच्या, तर त्यांनी पीडीएफ पाठवली, पानांची नुसती चित्रं. नव्या अ‍ॅपात एक नोंद चढली नाही. भांडी मागितली तर भांड्यांचे फोटो हातात ठेवले. रात्री बसून दोनशे नोंदी हातानं टाईप केल्यात, बाकीच्या तशाच पडून आहेत.

हां, तुझा निबंध. पहिल्यांदा 'डेटा पोर्टेबिलिटी, म्हणजे विदेचं बिऱ्हाड हलवण्याचा हक्क' असं लिही, विदा म्हणजे डेटा, पुढं नुसतं 'बिऱ्हाडहक्क' चालेल. मॅडमनी विचारलं तर सातबाऱ्याचं उदाहरण दे. आणि देगलूर-उदगीर-उमरग्याकडं कुणाच्या घरात अजून कन्नड बोलत असतील तर आजीला विचारून कळवा, 'बिडार' त्या कशाला म्हणतात, नुसत्या जागेला का सामानालाही, मला ते पाहिजेच आहे.