गॅरेजवाला म्हणतो क्राऊन-पिनियन गेला!

प्रश्न : काका, नमस्कार. माझी २००९ची डिझेल एसयूव्ही आहे, मागे पाटे असलेली. १ लाख ८० हजार किलोमीटर झालेत. दोन महिन्यांपासून ५०च्या पुढे मागून घूं-घूं सुरू होते, ७०ला तर मागच्या सीटवरचं बोलणं ऐकू येत नाही. अ‍ॅक्सिलेटर सोडला तरी आवाज तसाच. उजव्या वळणावर वाढतो. गॅरेजमध्ये म्हणाले, क्राऊन-पिनियन बदला. खर्च ऐकला आणि गाडी घरी आणली. पावसाळ्यात सायखेड्याला रस्त्यावर पाणी होतं, त्यातून एकदा गाडी काढली होती. अर्धं चाक बुडालं होतं. नवरात्रात घरच्यांना घेऊन वणीच्या गडावर जायचंय.
– एक वाचक, पंचवटी, नाशिक

उत्तर : भाऊ, घरी आणलीत ते बरं केलंत. क्राऊन-पिनियन (इंजिनची ताकद मागच्या चाकांकडे वळवणारी दातेरी चाकांची जोडी) तुमच्या पायाचं ऐकतो. रेस दिली की दातांची एक बाजू दाबली जाते, पाय काढला की दुसरी; म्हणून त्याचा आवाज तिथल्या तिथे बदलतो. तुमचा बदलत नाही. आणि उजव्या वळणावर गाडीचा भार डाव्या चाकांवर जातो, म्हणून माझा पहिला संशय मागच्या डाव्या चाकाच्या बेअरिंगवर. पाण्याची गोष्ट लिहिलीत ते फार चांगलं. चालून तापलेला अ‍ॅक्सल गार पाण्यात गेला की आतली हवा आकसते आणि थकलेल्या सीलमधून नाहीतर ब्रीदरमधून (आतली हवा ये-जा करायची वाट) पाणी आत ओढलं जातं, आणि त्याने बेअरिंग खराब होतं.

पण आधी टायर. मी स्वतः एकदा एका गाडीचा डिफरन्शियल (क्राऊन-पिनियन असतो तो मागचा मधला गोळा) खोलून दोन दिवस घालवले, क्राऊन-पिनियनचा नवा जोड बसवला, आणि आवाज जसाच्या तसा! मागचे टायर करवतीसारखे झिजले होते. गिऱ्हाईक ओळखीचं होतं, म्हणून वाचलो. टायरवरून तळहात पुढे फिरवा, मग मागे. एका दिशेला गुळगुळीत आणि दुसऱ्या दिशेला दाते लागत असतील तर मागची चाकं पुढे टाकून बघा. आवाज पुढे आला तर विषय संपला. डांबरावरून काँक्रीटवर गेल्यावर आवाजाचा पोत बदलला तरी टायरच.

टायर ठीक निघाले तर पुढच्या चाकांना दगड लावा, गाडी न्यूट्रल, हँडब्रेक सोडलेला, आणि मागची बाजू उचलून घोड्यांवर (जॅक स्टँडवर) ठेवा. नुसत्या जॅकवर भरवसा ठेवून खाली जाऊ नका. एका हाताने चाक सावकाश फिरवा, दुसऱ्या हाताची बोटं ड्रममागच्या पत्र्यावर टेकवा. कानाला ऐकू येत नाही ते बोटांना कळतं. चांगलं बेअरिंग सायीसारखं फिरतं, गेलेलं जात्यात वाळू पडल्यासारखं खरखरतं. ब्रेक नुसता घासत असेल तर तो एका जागी लागतो आणि सुटतो, त्यात फसू नका. मग दोन्ही बाजू ताडून बघा. शेवटी चाक वर-खाली धरून हलवा.

आता डिफरन्शियलचं ऑइल. आधी भरायचा बोल्ट सुटतो का ते पाहा, मगच खालचा काढा. वरचा गंजून अडकला आणि ऑइल सांडून गेलं तर गाडी जागेवरच बसते. ऑइल चहासारखं दिसलं तर पाणी शिरलंय. चुंबकाच्या बोल्टवर काळा चिखल असतोच, त्याची काळजी नको. नखाएवढा तुकडा निघाला तर मात्र क्राऊनचं बघावं लागेल, आणि मग क्राऊन व पिनियन दोन्ही जोडीनेच बदलायचे. नवं ऑइल गाडीच्या पुस्तकात दिलेल्या ग्रेडचंच, भरायच्या भोकाच्या काठापर्यंत. ब्रीदर काढून फुंकून बघा.

बेअरिंग बदलायचं ठरलं तर सीलही त्याच वेळी नवं, आणि बेअरिंग प्रेसवर बसवून घ्या. हातोड्याने ठोकणारा मिस्त्री दिसला की अ‍ॅक्सल उचला आणि चालू लागा. ड्रमच्या आत ऑइल उतरलं असेल तर ब्रेकशूही बघून घ्या.

चाक वर-खाली हललं तर मागची चाकं उचलून, टोचन करूनच गाडी गॅरेजला न्या. गडावर चढणारा नांदुरीचा घाट तिला नको. या नवरात्रात गडावर एसटीने जा.