नवे तारे अभ्यासण्यासाठी अवरक्त कॅमेरा विमानातून का न्यावा लागला?

डोंगरमाथ्यावर मोठमोठ्या दुर्बिणी आणि अवकाशात जेम्स वेब दुर्बीण असताना, ताऱ्यांची निर्मिती अभ्यासण्यासाठी अवरक्त (इन्फ्रारेड, म्हणजे डोळ्यांना न दिसणारे उष्णतेचे प्रारण टिपणारे) कॅमेरे विमानातून नेण्याची गरज काय, असे आपण विचारले आहे. मी रत्नागिरीत भौतिकशास्त्र शिकवतो, आणि या प्रश्नाचे निम्मे उत्तर आमच्या किनाऱ्यावरच्या दमट हवेतच आहे.

तारे जन्माला येतात ते वायू आणि धुळीच्या अतिथंड ढगांमध्ये. सुमारे २० केल्व्हिन (उणे २५३ अंश सेल्सिअस) तापमानाची ही धूळ दृश्य प्रकाश अडवते, पण स्वतः १४५ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) तरंगलांबीच्या आसपास सर्वाधिक प्रारण सोडते, आणि नेमके तेच हवेतील बाष्प शोषून घेते. भर पावसाळ्यात कोकणावरच्या हवेतील सगळ्या बाष्पाचे पाणी केले, तर त्याचा थर ५० मिलिमीटरच्या आसपास भरेल. हवाई बेटांवरील मौना केआ शिखरावर तो एक-दोन मिलिमीटरच असतो, तरी या तरंगलांबीला तेवढाही पुरेसा अडसर ठरतो. १२ ते १४ किलोमीटर उंचीवर मात्र तो मिलिमीटरच्या शंभराव्या भागाइतका उरतो.

म्हणूनच नासा आणि जर्मन अंतराळ संस्थेने बोइंग ७४७ एसपी विमानात २.७ मीटर व्यासाचा आरसा बसवून ‘सोफिया’ ही वेधशाळा उभारली. उड्डाणात मागच्या बाजूचे दार उघडून दुर्बीण बाहेरच्या थंडीत ठेवली जात असे, परंतु त्या थंडीतही आरसा आणि उरलीसुरली हवा अवरक्तात चमकतच असते. त्यामुळे दुय्यम आरसा सेकंदाला अनेकदा किंचित झुलवून लक्ष्य आणि शेजारचे रिकामे आकाश आळीपाळीने टिपत, आणि एकातून दुसरे वजा करत.

मृग नक्षत्रातील हरणाच्या पोटात रुतलेल्या बाणाच्या खाली जो तेजोमेघ आहे, त्याचे उदाहरण मला सर्वांत बोलके वाटते. आयनीभूत (इलेक्ट्रॉन गमावलेला) कार्बन १५८ मायक्रॉन या ठरावीक तरंगलांबीला जो प्रकाश सोडतो, तो सोफियातून टिपून २०१९ मध्ये दिसून आले की तेथील एका तेजस्वी ताऱ्याचा वारा (त्यातून वेगाने बाहेर पडणारा कणांचा झोत) भोवतालचा वायू सेकंदाला सुमारे १३ किलोमीटर वेगाने बाहेर ढकलत आहे, आणि त्यामुळे जवळपास नवे तारे घडणे रोखले जात आहे. (हे काम कॅमेऱ्याचे नव्हे, प्रकाश तरंगलांबीनुसार वेगळा करून मोजणाऱ्या वर्णपटमापीचे.)

जेम्स वेबची नजर सुमारे २८ मायक्रॉनपर्यंतच पोहोचते. सोफियाचे विमान मात्र सकाळी परत येत असे आणि त्यातील उपकरण बदलता येत असे. सप्टेंबर २०२२ मध्ये खर्चाच्या हिशेबावर सोफिया थांबवली गेली. तो निर्णय मला घाईचा वाटतो, कारण दूर-अवरक्तासाठी (म्हणजे अशा लांब तरंगलांब्यांसाठी) तिची जागा घेणारी वेधशाळा तेव्हा तयार नव्हती.