फॅनन वाचायला घेतोयस, तर

त्यात येणाऱ्या हेगेल या जर्मन तत्त्वज्ञाची धास्ती घेऊ नकोस. फ्रांझ फॅननचं १९५२ सालचं ‘ब्लॅक स्किन, व्हाइट मास्क्स’ उघडलंस की आधी पाचवं प्रकरण वाच. एक गोरं पोर फॅननकडे बोट दाखवून आईला सांगतं, मला या काळ्याची भीती वाटते. मार्टिनिक या कॅरिबियन बेटावर वाढलेला, फ्रान्समध्ये डॉक्टर झालेला हा माणूस त्या क्षणी नुसती कातडी उरतो. तिथे थांब, ते अंगावर येऊ दे.

मग सातव्या प्रकरणातली ‘मान्यता’ कळेल. हेगेलच्या मते मालकालाही गुलामाकडून मान्यता हवी असते. फॅनन म्हणतो, या गोऱ्या मालकाला फक्त काम हवंय. पुस्तकाचा कणा मला इथेच सापडला.

सोबत ड्यू बॉइस या कृष्णवर्णीय अमेरिकन विचारवंताची १९०३ मधली ‘दुहेरी जाणीव’ ही कल्पना वाच: स्वतःकडे सतत दुसऱ्याच्या नजरेने पाहणं. बाबासाहेबांनी १९४६ च्या सुमारास याच ड्यू बॉइसना पत्र लिहिलं होतं. पण तेवढ्यावरून वंश आणि जात लगेच एकाच मापाने मोजायला जाऊ नकोस. मी सुरुवातीला तेच केलं, आणि दोन्हीकडची माणसं मला नीट दिसेनाशी झाली.