नंदुरबार जिल्ह्यातल्या प्रकाशा गावाचा इतिहास शोधायला निघालात? आधी एवढंच करा

भाऊ, लगेच ताम्रपट आणि मोडी लिपीच्या मागे लागू नका, ते पुढे बघू. पहिले दोन-तीन रविवार नुसतं फिरा. तापी-गोमाई संगम, घाट, केदारेश्वर आणि मग जुन्या वस्तीचं पांढरीचं टेकाड. इथंच 1955 मध्ये पुरातत्त्वज्ञ बी. के. थापर यांनी उत्खनन केलं आणि ताम्रपाषाणयुगापासूनचे (तांबं आणि दगड दोन्हींची हत्यारं वापरायचे तो काळ) थर सापडले. म्हणजे ज्याला आपण दक्षिण काशी म्हणतो, त्या तीर्थाच्या खाली कितीतरी जुनं गाव झोपलंय! तापीकाठच्याच सावळदा गावावरून त्या काळातल्या एका संस्कृतीला नाव मिळालंय, हेही ध्यानात ठेवा.

नवख्यांच्या चुका ठरलेल्या:

- खापर दिसलं की खिशात. मीही केलंय, आता लाज वाटते. जागेवरून हललं की त्याची साक्ष गेली. फोटो काढा, जागा लिहा, तिथंच ठेवा.
- दगडी देऊळ दिसलं की 'हेमाडपंती', त्याहून जुनं वाटलं की 'पांडवकालीन'.
- गुजरात जवळ असून फक्त मराठी कागद शोधणं. सीमेवरच्या गावाचा माल, माणसं आणि बोली दोन्हीकडची असते.

वाचायला 1880 चं खानदेश गॅझेटियर पुरे. म्हाताऱ्यांशी मात्र अहिराणीतच बोला.