'सख्खा मावसभाऊ' यात सख्खं कोण?

प्रश्न असा आला आहे: "मावसभावाला मूत्रपिंड द्यायला मी तयार आहे. रुग्णालयात म्हणाले, तुम्ही कायद्याने जवळचे नातेवाईक नाही. मी सांगितलं, अहो, सख्खा मावसभाऊ आहे माझा. तरी नाहीच. मग 'सख्खा' या शब्दाला अर्थ काय राहिला?"

अर्थ आहे, पण इथे तो भावाला चिकटलेला नाही. 'सख्खा भाऊ' म्हणतो तेव्हा सख्खेपण भावाचंच असतं: दोघांचे आईवडील तेच. 'सख्खा मावसभाऊ' म्हणताना मात्र सख्खी असते ती मावशी. आईच्या मामेबहिणीलाही आपण मावशीच म्हणतो आणि तिचा मुलगाही मावसभाऊच ठरतो. म्हणून आईच्या सख्ख्या बहिणीचा मुलगा वेगळा दाखवायला 'सख्खा' लावावा लागतो. 'सख्खा चुलतभाऊ' तर शब्दशः पाहिला तर वदतोव्याघातच! तरी मराठी कानाला तो खटकत नाही, कारण सख्खेपण मधल्या माणसाकडे सरकलंय हे कुणी न सांगता आपल्याला कळतं. 'सख्खे शेजारी'मध्ये तर रक्ताचा संबंधही सुटतो, भिंतीला भिंत लागून असली की पुरे. या लवचीकपणामुळेच मला हा शब्द फार आवडतो.

चुलत, मामे, आते, मावस हे शब्द मुळात नात्याची वाट सांगतात. अंतर मोजायला दुसरी मापं होती. त्यातलं एक सुतक. जुन्या हिशेबात कधी न पाहिलेले चुलत आजोबा गेले तरी भावकीला दहा दिवस, आणि लग्न झालेल्या लेकीला जन्मदात्या बापाचं तीन दिवस. माया आणि माप यांचा मेळ तेव्हाही नव्हता.

कायद्याला वाटेपेक्षा यादी हवी असते. मानवी अवयव प्रत्यारोपणाच्या १९९४ च्या कायद्यात पती-पत्नी, मुलगा, मुलगी, आई, वडील, भाऊ आणि बहीण एवढेच जवळचे नातेवाईक होते. २०११ च्या दुरुस्तीने आजी-आजोबा आणि नातवंडं आली. अवयवांची खरेदी-विक्री थांबवायची म्हणून ही यादी आखडती ठेवली आहे. त्यात मामा नाही, मावशी नाही, मग मावसभाऊ कुठून असणार?

आयकराची यादी आणखी वेगळी. मामाने भाच्याला कितीही रक्कम भेट दिली तरी भाच्याला कर नाही, कारण आईचा भाऊ यादीत आहे. भाच्याने मामाला दिली तर मात्र बहिणीचा मुलगा त्या यादीत नाही. वर्षभरातल्या अशा भेटी पन्नास हजारांच्या वर गेल्या की मामाला कर लागू होतो. आपण 'मामा-भाचे' एका दमात म्हणतो, कायद्यात ते नातं एकाच बाजूने चालतं.

'सगेसोयरे'चं उदाहरण तर ताजंच आहे. सगे रक्ताचे, सोयरे लग्नाने जोडलेले, आणि बोलताना दोन्ही मिळून 'आपली सगळी माणसं'. हाच सैल जोडशब्द २६ जानेवारी २०२४ ला महाराष्ट्र सरकारच्या जातप्रमाणपत्रांविषयीच्या मसुद्यात आला, तेव्हा त्याची व्याख्या करावी लागली: वडील, आजोबा, पणजोबा आणि त्याआधीच्या पिढ्यांत जातीतल्या जातीत झालेल्या लग्नांतून जुळलेले नातेवाईक.

आता तुमचं काम. यादीत नाही म्हणजे मूत्रपिंड देताच येत नाही, असं नव्हे. त्यासाठी प्राधिकार समितीची परवानगी लागते. पैशाचा व्यवहार नाही ना, तुम्ही का देताय, दोघांचा संबंध काय, हे ती तपासते. तिथे 'सख्खा मावसभाऊ' एवढंच लिहू नका. 'आईच्या सख्ख्या बहिणीचा मुलगा' असं लिहा, म्हणजे वाट स्पष्ट होते. एकत्र राहिल्याचा पुरावा आणि दोघांचे जुने फोटोही नियमांप्रमाणे पाहिले जातात. आजोळच्या सुट्टीतला, कुणाच्या मुंजीतला असा एखादा फोटो घरात असेल तर आजच शोधून ठेवा.