मुलाने सांगितल्यावर खरेखोटे करायचे कोणी?

प्रश्न : मी बीड जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी गेली बारा वर्षे किशोर गटातील मुलांना कबड्डी शिकवतो. आमच्याकडच्या बऱ्याच मुलांचे आईवडील दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला सांगली-कोल्हापूरकडे जातात आणि उन्हाळा लागेपर्यंत परतत नाहीत. तोवर ही मुले आजी-आजोबांपाशी राहतात आणि संध्याकाळ आमच्या मैदानावर काढतात. गेल्या आठवड्यात त्यांतला एक चौदा वर्षांचा मुलगा सराव संपल्यावर मागे थांबला. शेजारच्या जिल्ह्यात स्पर्धेला गेलो असताना मुक्कामाच्या खोलीत आमच्या सहायक प्रशिक्षकाने मालिशच्या निमित्ताने आपल्याशी लैंगिक चाळे केले, असे त्याने सांगितले. ‘सर, कुणाला सांगू नका,’ असे तो म्हणाला आणि मीही गडबडून ‘नाही सांगत’ म्हणून बसलो. मंडळाच्या अध्यक्षांच्या कानावर घातले, तर त्यांचे म्हणणे असे, की आधी दोघांना समोरासमोर बसवून खरेखोटे करू. कपड्यांवरूनच तर हात लागला, मुलगी असती तर गोष्ट वेगळी होती. उगाच मंडळाचे नाव जाईल. सहायक चार वर्षे एक पैसा न घेता राबतो आहे आणि मुलांचा लाडका आहे. आईवडील येईपर्यंत थांबावे का? आरोप खोटा निघाला तर माझे काय?
— एक प्रशिक्षक

उत्तर : थांबू नका, आणि दोघांना समोरासमोर तर मुळीच बसवू नका. हे उत्तर वाचेपर्यंत तुम्ही पोलिसांना कळवले नसेल, तर अंक मिटून आधी ते करा; बाकीचे नंतर वाचता येईल.

अध्यक्षांनी सुचवलेला मार्ग गावच्या भांडणात चालतो, कारण तिथे दोन्ही बाजू साधारण सारख्या वजनाच्या असतात. इथे एका बाजूला चौदा वर्षांचा मुलगा आहे, आणि दुसऱ्या बाजूला त्याला संघात घेणारा, त्याच्या खाण्याजेवणाची चौकशी करणारा, ज्याच्या शब्दावर त्याची निवड ठरते असा मोठा माणूस आहे. त्याच्यापुढे बसवल्यावर मुलगा शब्द मागे घेईल, आणि मग त्या माघारीलाच ‘खोटे निघाले’ असे नाव पडेल. पॉक्सो, म्हणजे मुलांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणारा कायदा, तर खटल्याच्या वेळी न्यायालयातही मूल आरोपीच्या नजरेसमोर येणार नाही अशी काळजी घ्यायला सांगतो. जे न्यायाधीशाने करायचे नाही, ते मंडळाच्या कार्यालयात चहाच्या कपाबरोबर कसे करता येईल?

१४ नोव्हेंबर २०१२ पासून लागू असलेल्या या कायद्यात अठरा वर्षांखालील प्रत्येक व्यक्ती बालक आहे, मग तो मुलगा असो की मुलगी. केंद्रीय महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या तेरा राज्यांच्या पाहणीत निम्म्याहून अधिक मुलांनी कोणत्या ना कोणत्या स्वरूपाचा लैंगिक छळ सोसल्याचे सांगितले होते, आणि त्यांत मुलग्यांचे प्रमाण मुलींपेक्षा किंचित जास्तच होते. ‘मुलगी असती तर’ हे वाक्य मुलग्यांच्या कानावर इतक्या वेळा पडलेले असते, की आपल्याबाबतीत घडले त्याला काही नाव आहे हेच त्यांना ठाऊक नसते. कपड्यांवरून हात लागल्याचे म्हणाल, तर नेमका हाच युक्तिवाद मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने जानेवारी २०२१ मध्ये एका निकालात मान्य केला होता आणि सर्वोच्च न्यायालयाने १८ नोव्हेंबर २०२१ रोजी तो निकाल रद्द केला. त्वचेला त्वचा लागली की नाही हा प्रश्नच नाही, स्पर्शामागचा हेतू लैंगिक होता का हे पाहायचे. शिवाय बालकांना सेवा देणाऱ्या संस्थेतील माणसाने किंवा विश्वासाच्या जागेवरील माणसाने असे केले, तर कायदा तो गुन्हा अधिक गंभीर मानतो. सहायक पगार घेत नाही याने त्याची जागा बदलत नाही.

आता तुमच्या भीतीकडे येतो. कायद्याच्या कलम १९ प्रमाणे असा गुन्हा घडल्याचे ज्याला कळले, किंवा घडेल अशी ज्याला धास्ती वाटते, त्या प्रत्येकाने विशेष बाल पोलिस पथकाला किंवा स्थानिक पोलिसांना खबर द्यायची आहे. तिथे पुरावा मागितलेला नाही, आणि आईवडिलांची परवानगीही नाही. सद्भावनेने दिलेल्या खबरीबद्दल तुमच्यावर दिवाणी वा फौजदारी जबाबदारी येत नाही, असे त्याच कलमात लिहिले आहे. खबर न दिल्यास मात्र कलम २१ प्रमाणे सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही होऊ शकते. संस्थेच्या प्रमुखाने आपल्या हाताखालच्या माणसाचा गुन्हा दडवला, तर ही मुदत एक वर्षापर्यंत जाते. अध्यक्षांना हे वाक्य जरूर वाचून दाखवा. चंद्रपूर जिल्ह्यातील राजुरा येथील वसतिगृहात आदिवासी मुलींवर अत्याचार झाले, तेव्हा त्यांच्यावर उपचारांसाठी नेमलेल्या डॉक्टरवर माहिती असूनही न कळवल्याचा गुन्हा नोंदला गेला होता. उच्च न्यायालयाने त्याच्यापुरता तो रद्द केला. सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२२ मध्ये तो पुन्हा जिवंत केला, आणि वेळेवर खबर मिळाली नाही तर या कायद्याचा हेतूच विफल होतो, अशा आशयाचे मत नोंदवले. डॉक्टरांना जे लागू आहे ते प्रशिक्षक, शिकवणीचे सर, वसतिगृहाचे अधीक्षक, शाळेच्या गाडीचा चालक अशा सर्वांना लागू आहे. खरेखोटे करणे पोलिसांचे आणि न्यायालयाचे काम आहे. तुमचे काम ऐकलेले जसेच्या तसे पुढे पोहोचवण्यापुरते आहे, आणि तेवढे नीट झाले तरी पुष्कळ झाले.

मुलाला दिलेल्या शब्दाचे ओझे तुमच्या मनावर आहे, हे पत्रातून जाणवते. त्याच्याकडे परत जा आणि सरळ सांगा : ‘कुणाला सांगणार नाही म्हणालो, ते माझे चुकले. तू मला सांगितलेस हे फार बरे केलेस, यात तुझा काही दोष नाही, पण हे मला पोलिसांना सांगावे लागेल, आणि कोणाला काय सांगणार ते आधी तुला कळेल.’ तो रडेल, कदाचित चिडेलही. तरीही पाठीमागून कळण्यापेक्षा हे बरे. त्याला पुन्हा सगळे सांगायला लावू नका. ‘ओरडला का नाहीस’, ‘त्या खोलीत गेलासच कशाला’ असले प्रश्न तर ओठांवरही आणू नका, कारण त्यांतून दोष आपलाच होता एवढेच त्याला ऐकू येते. त्याने गेल्या आठवड्यात जे शब्द वापरले तेच, स्वतःची भाषा न मिसळता, तारीख-वेळ घालून एका कागदावर लिहून ठेवा. घटना दुसऱ्या जिल्ह्यातली आहे म्हणून ठाण्यात ‘तिकडे जा’ म्हणाले, तर १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेप्रमाणे हद्द कोणतीही असली तरी नोंद घ्यावी लागते, हे नम्रपणे पण ठामपणे सांगा. अडचण आली तर १०९८ हा मुलांसाठीचा क्रमांक आहे. मुलाचा जबाब त्याच्या घरी किंवा तो म्हणेल तिथे घ्यायचा असतो, जबाब घेणारा अधिकारी गणवेशात नसतो, आणि रात्री मुलाला ठाण्यात थांबवून घेता येत नाही. पोलिसांनी चोवीस तासांत बालकल्याण समितीला कळवायचे असते. ती समिती खटला संपेपर्यंत सोबत राहील अशी सहायक व्यक्ती नेमून देऊ शकते. ऊसतोडीच्या टोळीबरोबर आईवडील दूर असलेल्या मुलासाठी ही सोय फार मोलाची आहे, ती मागून घ्या. आईवडिलांना मात्र फोनवर मुकादमाकरवी निरोप धाडू नका. स्वतः बोला, नाहीतर मुलाचे नाव सगळ्या फडावर होईल.

सहायक प्रशिक्षकाला त्याच दिवसापासून मुलांपासून दूर ठेवा. मुलाला ‘काही दिवस घरी बस’ असे सांगू नका. बहुतेक ठिकाणी नेमके उलटे होते आणि ज्याने तोंड उघडले त्याचेच मैदान सुटते.

पुढच्या हंगामाचे थोडे बोलू. बदलापूरच्या शाळेतील लहान मुलींवरील अत्याचाराच्या २०२४ च्या प्रकरणानंतर राज्यभर कॅमेरे बसवण्याचे आदेश निघाले. कॅमेऱ्यांना माझा विरोध नाही, पण स्पर्धेच्या मुक्कामाच्या खोलीत कॅमेरा नसतो आणि असूही नये. त्या प्रकरणातही शाळेने वेळीच कळवले नाही, हा ठपका होताच. मुक्कामाला एकटा मोठा माणूस मुलांच्या खोलीत झोपणार नाही. मालिश लागलीच तर उघड्यावर, दुसऱ्या मोठ्या माणसादेखत होईल. मुलांशी संदेशांची देवाणघेवाण पालक असलेल्या गटातच होईल : एवढे तीन नियम मुलांसमोर वाचून दाखवा. मुलांसमोर अशासाठी, की नियम मोडला जातो आहे हे आधी त्यांनाच कळते. पॉक्सोच्या २०२० च्या नियमांत क्रीडासंस्थांनीही कर्मचाऱ्यांची पोलिस पडताळणी ठरावीक काळाने करून घ्यावी असे म्हटले आहे. तीही करा, पण तिच्यावर विसंबू नका. जो कधी पकडला गेला नाही, त्याचा दाखला स्वच्छच येतो.

प्रश्न : मी कोल्हापूर जिल्ह्यातील महाविद्यालयात राष्ट्रीय सेवा योजनेचा कार्यक्रम अधिकारी आहे. निवासी शिबिरात वरच्या वर्गातील मुलाने जबरदस्ती केल्याचे एका एकोणीस वर्षांच्या विद्यार्थिनीने मला सांगितले. तिला पोलिसांकडे जायचे नाही. मला जावेच लागेल का?

उत्तर : नाही. वय अठरा पूर्ण झाले की पॉक्सो लागू होत नाही, आणि तक्रार करायची की नाही हे तिने ठरवायचे असते. तुमचे काम तिला सगळे मार्ग माहीत करून देण्याचे आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१५ च्या विनियमांप्रमाणे महाविद्यालयात लैंगिक छळाच्या तक्रारी ऐकणारी अंतर्गत समिती असायलाच हवी. तिच्याकडे साधारणपणे तीन महिन्यांच्या आत लेखी तक्रार करता येते, आणि चौकशी चालू असताना त्या मुलाला तिच्यापासून दूर ठेवण्याची शिफारस समिती करू शकते. उपचारांसाठी पोलिस तक्रारीची अट कोणतेही रुग्णालय घालू शकत नाही, आणि उपचार मोफतच द्यावे लागतात. मात्र रुग्णालयाला पोलिसांना कळवावे लागते. ते तिला तिथे पोहोचण्याआधी सांगा, आणि पोलिस आले तरी तक्रार नको असे ती सांगू शकते, हेही सांगा. प्राचार्यांना तिच्या नावानिशी कळवण्यापूर्वी तिला विचारा.

एक मात्र आजच करा. प्रथम वर्षाच्या वर्गात सतरा वर्षांची मुले पुष्कळ असतात, आणि त्यांच्याबाबतीत वरचे पहिले उत्तर लागू होते. तेव्हा तिने सांगितलेले वय धरून न बसता शिबिराच्या नोंदवहीतील जन्मतारखेचा रकाना पाहून घ्या.